‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ ऐकू आल्यावर काय करायचं? नव्या वैमानिकांसाठी टीकॅसची ओळख

बारामती, गोंदिया, धुळे इथून उड्डाणाचं प्रशिक्षण घेऊन मोठ्या विमानाच्या टाइप रेटिंगला (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला) जाणाऱ्या मुलामुलींना टीकॅस, म्हणजे दुसऱ्या विमानाशी हवेतली टक्कर टाळायला सांगणारी यंत्रणा, हा विषय सोपा वाटतो. चार चिन्हं, दहाबारा घोषणा पाठ केल्या की परीक्षेत मार्क मिळतात. पण पाठ केलेली घोषणा खऱ्या कॉकपिटमध्ये कानावर पडते तेव्हा विचार करायला पाच सेकंदसुद्धा नसतात. म्हणून यंत्र तसं का सांगतं, हे आधीच डोक्यात पक्कं बसलेलं हवं. हा लेख त्यासाठी आहे. तुमच्या विमान कंपनीचं मॅन्युअल आणि प्रशिक्षक यांचा शब्द अर्थातच याच्या वर.

एसीकॅस हे आंतरराष्ट्रीय नियमांतलं नाव आणि टीकॅस हे प्रत्यक्ष बसवलेल्या उपकरणाचं. कॉकपिटमध्ये सगळे टीकॅसच म्हणतात. आपण इथे बोलतोय ते टीकॅस-२ बद्दल, म्हणजे प्रवासी जेट विमानांत असतं ते.

भारतात या यंत्रणेची निकड कशी कळली तेही माहीत असू द्या. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी जम्बो आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबवलं होतं, कझाक विमानाला १५,००० पर्यंतच उतरायची परवानगी होती, पण ते त्याच्याही खाली आलं. जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती आणि दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर नागरी उड्डाणांची नियामक संस्था डीजीसीएने ही यंत्रणा भारतात बंधनकारक केली.

पहिली पायरी: यंत्र काय ‘पाहतं’ ते समजून घ्या

टीकॅसला डोळे नाहीत आणि ते जमिनीवरच्या रडारवर अवलंबूनही नाही. ते १०३० मेगाहर्ट्झवर आजूबाजूच्या विमानांना प्रश्न पाठवतं. त्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, उत्तरातच उंची असते, आणि अँटेनावरून दिशेचा अंदाज येतो. दर सेकंदाला हे चालू असतं.

यातून तीन गोष्टी निघतात. ज्याचा ट्रान्सपॉन्डर बंद आहे ते विमान टीकॅससाठी अस्तित्वातच नाही. ज्याच्या उत्तरात उंची नाही, त्याच्याबद्दल फक्त सावधगिरीची सूचना मिळेल, सुटकेचा आदेश मिळणार नाही. आणि दिशेचा अंदाज ढोबळ असल्यामुळे टीकॅस कधीही ‘डावीकडे वळा’ म्हणत नाही, फक्त वर किंवा खाली.

पहिल्या गोष्टीची किंमत २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलने मोजली. अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर गोल कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक छोटं लेगसी जेट एकाच उंचीवर समोरासमोर आली. टीकॅस दोघांकडे होतं. पण लेगसीचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलेल्या अवस्थेत होता आणि ते तिथल्या वैमानिकांच्या लक्षात आलं नव्हतं. दोन्ही यंत्रं शेवटपर्यंत गप्प राहिली. बोइंगमधले सगळे १५४ जण मृत्युमुखी पडले.

दुसरी पायरी: मैलांत नाही, सेकंदांत विचार करा

‘किती मैलांवर धोका?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. टीकॅस मैल मोजून घाबरत नाही. अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजेच गाठ पडायला उरलेला वेळ, यावर त्याचं गणित चालतं. या वेळेला टाऊ म्हणतात.

एक हिशोब करून पाहा. दोन जेट विमानं समोरासमोर, प्रत्येकी ४८० नॉट. एकत्रित वेग ९६० नॉट, म्हणजे मिनिटाला १६ सागरी मैल. २०,००० फुटांच्या वर टीकॅस गाठीच्या ४८ सेकंद आधी सावध करतं आणि ३५ सेकंद आधी आदेश देतं. ३५ सेकंदांत ही विमानं नऊ मैलांहून थोडं जास्त अंतर कापतात. नऊ मैलांवरचं विमान नजरेला ठिपक्याएवढंही नीट दिसत नाही. ‘दिसलं की बघू’ हा विचार इथेच संपायला हवा.

खाली येताना या वेळा कमी होत जातात, नाहीतर गजबजलेल्या विमानतळाजवळ यंत्र सतत ओरडत राहील. जमिनीपासून साधारण १,००० ते २,३५० फुटांच्या पट्ट्यात सूचना २५ सेकंद आधी आणि आदेश १५ सेकंद आधी. १,००० फुटांखाली आदेश मिळतच नाही. एखादं विमान अगदी हळूहळू जवळ येत असेल तर नुसता वेळ फसवा ठरतो, म्हणून त्यासाठी किमान अंतराची वेगळी मर्यादा ठेवली आहे.

तिसरी पायरी: पडदा वाचायला शिका, पण त्यावरून विमान चालवू नका

पोकळ चौकट, हिऱ्याच्या आकाराची: इतर विमान. तीच भरलेली: सहा मैलांच्या आत आणि १,२०० फुटांच्या फरकात आलेलं विमान. पिवळा गोळा: सावधगिरीची सूचना, म्हणजे टीए. लाल चौकोन: आदेश, म्हणजे आरए. शेजारचा आकडा शंभर फुटांत, +०५ म्हणजे तुमच्यापेक्षा ५०० फूट वर. बाण म्हणजे ते मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जास्त वेगाने चढतंय किंवा उतरतंय.

पडदा पाहून स्वतःच्या मनाने वळण घेण्याचा मोह नव्यांना फार होतो. दिशा ढोबळ असते हे वर सांगितलंच. पडद्यावर दहा वाजताच्या दिशेला दिसणारं विमान प्रत्यक्षात अकरा वाजताच्या दिशेलाही असू शकतं. हा पडदा बाहेर कुठे नजर टाकायची ते सांगतो, एवढंच त्याचं काम.

चौथी पायरी: उड्डाणाआधीचा स्विच

धावपट्टीवर जाताना ट्रान्सपॉन्डरचा नॉब टीए/आरए वर. हे चेकलिस्टमध्ये असतं, पण चेकलिस्ट म्हणताना बोटाने दाखवून, डोळ्यांनी पाहून म्हणा. एक इंजिन निकामी झालं तर मॅन्युअल सहसा फक्त टीए वर ठेवायला सांगतं, कारण चढण्याची ताकदच नसताना चढायचा आदेश मिळून उपयोग नाही. जवळजवळच्या समांतर धावपट्ट्यांवर उतरतानाही काही ठिकाणी तशी सूचना असते. एरवी मात्र कटकट नको म्हणून फक्त टीए वर ठेवणं हे कधीही करू नका.

पाचवी पायरी: ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’

हा टीए. यात विमानाला हात लावायचा नाही. ना चढ, ना उतार, ना वळण. या दहापंधरा सेकंदांत तयारी करायची: विमान कोण उडवतंय ते दोघांनी मोठ्याने स्पष्ट करायचं, उडवणाऱ्याचा हात कंट्रोलवर, पाय जागेवर, दुसऱ्याने बाहेर शोधायला लागायचं, आणि आदेश आलाच तर आपण आत्ता चढत आहोत, उतरत आहोत की सरळ, हे लक्षात घ्यायचं. एअरबसमध्ये ‘टीकॅस, आय हॅव कंट्रोल’ अशी घोषणा याच क्षणी होते.

बहुतेक टीए आदेशापर्यंत जात नाहीत आणि तिथेच विरतात. त्यामुळे नंतर नंतर त्यांच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. ती लागू देऊ नका, कारण आदेशाला वेळेत प्रतिसाद देणारे वैमानिक टीएच्या वेळीच तयार झालेले असतात.

सहावी पायरी: आदेश आला

हा भाग सावकाश वाचा.

दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ती दोन यंत्रं आदेश देण्याआधी आपसांत ठरवतात. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकाच बाजूला सरकून पुन्हा आडवी येतात, तसं होऊ नये म्हणून एक म्हणतं ‘मी वर’, दुसरं म्हणतं ‘मग मी खाली’. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली, तर ज्याचा २४ बिटांचा पत्ता (प्रत्येक विमानाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) मोठा ते विमान आपली दिशा बदलतं. म्हणजे तुमच्या कानावर ‘क्लाइम्ब’ पडतं तेव्हा समोरच्या कॉकपिटमध्ये कोणीतरी त्याच क्षणी ‘डिसेंड’ ऐकत असतं आणि त्याने विमानाचं नाक खाली झुकवायला सुरुवातही केलेली असते. तुम्ही उलटं वागलात तर त्याच्या सुटकेची वाट तुम्ही अडवता.

करायचं ते असं. नेहमीच्या विमानांत ऑटोपायलट काढा, तुमच्या विमानाच्या पद्धतीनुसार फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारा) किंवा ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारा) बंद करा. एअरबस ए३८० आणि ए३५० सारख्या विमानांत ऑटोपायलट आदेश स्वतः पाळू शकतो, तिथे मॅन्युअल सांगेल तसं. मग उभ्या वेगाच्या मापकावर लाल पट्टा सोडून हिरव्या पट्ट्यात काटा आणा. बोइंगमध्ये लाल चौकटीच्या बाहेर नाक ठेवा. सुरुवात पाच सेकंदांच्या आत व्हायला हवी. टीकॅसचं पुढचं सगळं गणित तुम्ही पाच सेकंदांत हलाल हे गृहीत धरूनच चालतं.

किती जोरात? बेताने, पण ठाम. पहिल्या आदेशाला पाव जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट) एवढा बदल अपेक्षित आहे आणि चढ किंवा उतार मिनिटाला १,५०० फूट. मोठ्या उंचीवर ४८० नॉटने जाताना यासाठी नाक जेमतेम दोन अंश हलवावं लागतं, खाली २५० नॉटला साडेतीन अंशांच्या आसपास. दोन अंश हा आकडा लक्षात राहू द्या, कारण घाबरलेला हात दहा अंश ओढतो. मग विमान पुढच्या उंचीवरच्या तिसऱ्याच विमानाच्या वाटेत घुसतं आणि मागे ट्रॉली ढकलणारी केबिन क्रू छतावर आपटते. मिनिटाला १,५०० फूट म्हणजे सेकंदाला २५ फूट. वीस सेकंदांत ५०० फूट मिळतात आणि टीकॅसला उंचीनुसार साधारण ३०० ते ७०० फुटांच्या फरकाची गरज असते.

पहिल्या आदेशानंतर ऐकत राहा, कारण आदेश बदलतो. ‘इन्क्रीज क्लाइम्ब’ आलं तर मिनिटाला २,५०० फूट. ‘डिसेंड, डिसेंड नाऊ’ आलं तर दिशाच उलटली आहे, बहुधा समोरच्याने आपला आदेश पाळला नाही म्हणून. या दोन्हींना प्रतिसाद अडीच सेकंदांत आणि थोडा जास्त जोराने द्यायचा. ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ म्हणजे उभा वेग शून्यावर आणा. या घोषणेच्या जागी पूर्वी ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ अशी घोषणा होती आणि काही वैमानिकांनी ती ऐकून वेग कमी करण्याऐवजी वाढवला, म्हणून ७.१ या आवृत्तीत ती बदलली. ‘मॉनिटर व्हर्टिकल स्पीड’ म्हणजे आत्ता आहात ते ठीक आहे, फक्त लाल पट्ट्यात जाऊ नका. आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) येईपर्यंत काही संपलेलं नसतं.

समोरचं विमान दिसलं तरी आदेश सोडू नका. दिसलेलं विमान तेच आहे याची खात्री कशाने करणार? रात्री दिव्यांवरून उंचीचा अंदाज तर हमखास चुकतो.

कंट्रोलर एक सांगतोय, यंत्र दुसरं

आदेश यंत्राचा. यात सूट नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत उबरलिंगेनवर काय झालं ते सेकंदांनिशी नोंदलेलं आहे. बश्किरियन एअरलाइन्सचं टुपोलेव आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७, दोन्ही ३६,००० फुटांच्या पातळीवर, वाटा एकमेकींना छेदणाऱ्या. झुरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता, फोनची मुख्य व्यवस्था देखभालीसाठी बंद होती. टक्कर होण्याच्या ५० सेकंद आधी दोन्ही विमानांत ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ झालं. ४३ सेकंद उरले असताना कंट्रोलरने टुपोलेवला लगेच खाली उतरायला सांगितलं. ३६ सेकंद उरले असताना टुपोलेवमध्ये टीकॅस म्हणालं ‘क्लाइम्ब’ आणि बोइंगमध्ये ‘डिसेंड’. टुपोलेवच्या सहवैमानिकाने बोलून दाखवलं की यंत्र चढायला सांगतंय. उत्तर आलं की कंट्रोलर आपल्याला खाली नेतोय. कंट्रोलरनेही पुन्हा तेच बजावलं. बोइंगने आपला आदेश पाळला आणि तेही खाली येत राहिलं. ७१ माणसं गेली, त्यांतली ५२ मुलं होती.

त्या वेळच्या नियमपुस्तकांत कोणाचं ऐकायचं याबद्दल संदिग्धता होती, हे तपासात स्पष्ट झालं. दीड वर्ष आधी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानच्या सुरुगा उपसागराजवळ जपान एअरलाइन्सच्या दोन विमानांचं असंच झालं होतं. कंट्रोलरने चुकून भलत्याच उड्डाणाचा क्रमांक उच्चारला, एका वैमानिकाने टीकॅसऐवजी कंट्रोलरचं ऐकलं, आणि शेवटच्या क्षणी झालेल्या जोरदार हालचालीत शंभरच्या आसपास लोक जखमी झाले. उबरलिंगेननंतर आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध झाला: आदेश आणि कंट्रोलरची सूचना यांत विरोध असेल तर आदेश पाळायचा. त्याच्या उलट दिशेला कधीही जायचं नाही.

कंट्रोलरवरचा अविश्वास म्हणून याकडे पाहू नका. त्याच्या पडद्यावरचं चित्र काही सेकंदांनी जुनं असतं आणि तुम्हाला कोणता आदेश मिळालाय ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याला सांगायचं. आधी आदेश पाळा, मग बोला, आणि बोलायचं काम न उडवणाऱ्याने करायचं.

परवानगीपासून ढळावं लागलं की कॉलसाइन (रेडिओवरचं उड्डाणाचं नाव) आणि ‘टीकॅस आरए’ एवढंच म्हणायचं. कंट्रोलर ‘रॉजर’ म्हणेल आणि तुमच्या मार्गात ढवळाढवळ करणार नाही. तेवढ्यात त्याने काही वेगळं सांगितलंच तर ‘अनेबल (शक्य नाही), टीकॅस आरए’. धोका टळल्यावर ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट, रिटर्निंग टू’ आणि नेमून दिलेली उंची. हे इंग्रजी शब्द घरी आरशासमोर मोठ्याने म्हणा. घाईत सुचलेलं लांबलचक वाक्य समोरच्याला कळत नाही.

आदेशाच्याही वर काय?

स्टॉलची (पंखांची उचल संपत आल्याची) सूचना, विंडशीअर (वाऱ्यातला अचानक बदल) आणि जमीन जवळ आल्याचा इशारा. हे तीन टीकॅसच्या आदेशाच्या वर आहेत. यंत्रालाही जमिनीचं भान आहे. १,५५० फुटांखाली ते उतार वाढवायला सांगत नाही, १,१०० फुटांखाली उतरायला सांगत नाही, १,००० फुटांखाली कोणताच आदेश देत नाही.

या शेवटच्या मर्यादेचा अर्थ वॉशिंग्टनमध्ये २९ जानेवारी २०२५ रोजी दिसला. रीगन विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी जेटची आणि लष्करी हेलिकॉप्टरची सुमारे ३०० फुटांवर टक्कर होऊन ६७ जण ठार झाले. जेटमध्ये साधारण वीस सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ झालं होतं. आदेश आला नाही, कारण तेवढ्या खाली तो येतच नाही. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात टीए ऐकू आला तर बाहेरची नजर आणि टॉवरशी संवाद हेच हाताशी असतात.

आदेश येऊच नये म्हणून

टीकॅसला तुमच्या मनातलं कळत नाही. ऑटोपायलटमध्ये तुम्ही कोणती उंची निवडली आहे तेही त्याला ठाऊक नसतं. तुम्ही मिनिटाला ३,००० फुटांनी चढताय आणि दुसरं विमान तुमच्या थांबण्याच्या उंचीच्या १,००० फूट वर आहे. तुम्ही थांबणार, सगळं नियमात आहे. पण सेकंदाला ५० फुटांनी वर येणारं विमान पाहून टीकॅस धरून चालतं की हे थांबणारच नाही. आदेश सुटतो, वरचं विमान आणखी वर जातं, त्याच्या वरच्यालाही धक्का बसतो. विनाकारण सुटणाऱ्या आदेशांचं हे नेहमीचं कारण.

उपाय साधा आहे: शेजारच्या पातळीवर कोणी आहे हे माहीत असेल तर शेवटच्या १,००० फुटांत चढ-उताराचा वेग मिनिटाला १,५०० फूट किंवा त्याहून कमी करा. चांगले कॅप्टन हे न सांगता करतात. नव्या सहवैमानिकाने आठवण करून दिली तर कोणाला राग येत नाही.

आत्ता सेसना उडवत असाल तर

तुमच्या विमानात टीकॅस-२ नसेल, पण तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या जेटमध्ये आहे आणि त्याला तुम्ही दिसता ते केवळ तुमच्या ट्रान्सपॉन्डरमुळे. नॉब ‘ऑन’ वर नव्हे, ‘अल्ट’ वर ठेवा. नुसत्या ‘ऑन’ वर उंची जात नाही आणि मग जेटला तुमच्यापासून सुटकेचा आदेश मिळू शकत नाही. अल्टिमीटरवर तुम्ही कोणताही दाब लावलेला असो, ट्रान्सपॉन्डर १०१३.२५ हेक्टोपास्कल धरूनच उंची पाठवतो. कंट्रोलरने उंची पडताळायला सांगितली तर ती गांभीर्याने घ्या, एन्कोडरमधली (ट्रान्सपॉन्डरला उंची पुरवणाऱ्या भागातली) चूक अशीच सापडते.

विमान थांबल्यावर

आदेश पाळून झाला की घटनेची नोंद द्यावी लागते. इंजिनं बंद झाली, चेकलिस्ट संपली की दोघांनी वेगवेगळं, आठवतंय तसं लिहून काढा: उंची, वेग, चढत होतात की उतरत, घोषणा कोणत्या क्रमाने आल्या, हात कधी हलला, कंट्रोलर काय म्हणाला, विमान दिसलं का. मग एकत्र बसून कंपनीच्या नमुन्यात भरा. उड्डाणाच्या नोंदयंत्रातली माहिती सुरक्षा विभाग याच्या शेजारी ठेवून पाहतो, आणि एखाद्या विमानतळाच्या एकाच वळणावर पुन्हापुन्हा आदेश येत असतील तर तिथली चढ-उताराची आखणी बदलता येते, पण त्यासाठी नोंदी हातात असाव्या लागतात.